चिकण मातीची जागा

पूर्वी काशीच्या गादीवर एक राजा बसलेला असताना बोधिसत्त्व ओताऱ्याच्या घरी जन्माला आला. ओतारी म्हणजे कासे वितळवून साच्यात ओतणारे. घंटा, समया, हंडे ओतत तो मोठा झाला आणि बापाच्या मागे सगळ्या ओताऱ्यांचा नायक झाला. त्याच्या शब्दावर चाळीसेक घरे चालत. ही घरे जिथे राहत होती तिथले जंगल संपले होते. ते त्यांच्याच भट्ट्यांनी संपवले होते, दुसऱ्या कोणी नाही. कोळसा मिळेनासा झाला तेव्हा त्यांना दुसरीकडे जाणे भाग पडले.

त्याच सुमारास राजाने दवंडी पिटवली होती. ज्या नगरात नवा धंदा येईल त्या नगराचा सारा, म्हणजे राजाचा कर, काही वर्षे माफ. मग काय विचारता. ओताऱ्यांचा नायक जागा शोधतो आहे हे कळल्याबरोबर त्याच्या दारात नगरशेटांची रांग लागली. लग्नाच्या मुलींचे बाप बरे, इतके ते वाकत होते. एकाने सजवलेला हत्ती पाठवला. एकाने सांगितले की आमच्याकडे कोळसा फुकट, मजूर अर्ध्या मजुरीत, आणि मजुरांनी तोंड उघडले तर ते आमच्यावर सोडा. बोधिसत्त्वाने त्याला पाणी दिले आणि वाटेला लावले.

शेवटी कंकपूरचा नगरशेट आला. कंकपूर नदीकाठचे गाव, एके काळी मोठ्या बाजाराचे. पुढे नदीच्या वरच्या अंगाला ती ओलांडायला सोपा उतार सापडला आणि व्यापाऱ्यांचे तांडे तिकडून जाऊ लागले. बाजार बसला. तरणी माणसे गाव सोडून गेली. हे सांगताना नगरशेट रडला. त्याचे रडणे खोटे नव्हते. आपले गाव डोळ्यांसमोर मरताना बघणे सोपे नसते. पण खरे रडणारा माणूस वाईट काम करीत नाही, असे कोणी समजू नये.

बोधिसत्त्वाला कंकपूर आधीपासून ठाऊक होते ते तिथल्या मुशींमुळे. कासे ज्या मातीच्या भांड्यात वितळवतात ती मूस. मूस आगीत तडकली की वितळलेले कासे माणसाच्या अंगावर येते. कंकपूरच्या कुंभारांची मूस तडकत नसे. बोधिसत्त्वाचा बाप बाजारातून तीच आणायचा. म्हणून बोधिसत्त्वाने कंकपूरचा विडा उचलला आणि म्हणाला, "आम्हाला फार काही नको. नदीकाठची, चिकण मातीची जागा लागेल." एवढेच बोलला. मुशीचे काही बोलला नाही, कुंभारांचे काही विचारले नाही.

नगरशेट आनंदाने परत गेला आणि त्याने पंचांची बैठक बोलावली. कंकपुरात नदीकाठी चिकण माती एकाच ठिकाणी होती, आणि तिथे कुंभारआळी होती. बैठकीत कोणी वाईट शब्द काढला नाही. सगळे भल्याचेच बोलले. चार घरे जरा सरकली तर अख्खे गाव जगेल, असे एक म्हणाला. दुसरा म्हणाला की तसाही त्यांच्या मडकी भाजायच्या आव्यांचा धूर फार. मग ओताऱ्यांच्या भट्ट्या काय अत्तर सोडणार होत्या? पण हे कोणी विचारले नाही. विचारणारे कुंभार, आणि त्यांना बैठकीला बोलावलेलेच नव्हते.

कुंभारांना सांगितले गेले की नवी माणसे एकदा बसली की तुम्हाला चांगली जागा देऊ, तोवर नदीपलीकडच्या वाळवंटात राहा. माघाची थंडी होती. त्यांनी थंडी सरेपर्यंत थांबा म्हणून हात जोडले. पहारेकऱ्यांनी कच्ची मडकी पायाने फोडली, आवे मोडले आणि भिंती पाडल्या. हे काम एका सकाळीत झाले. बांधायला किती पिढ्या लागल्या होत्या ते कोणी मोजले नव्हते.

त्या कुंभारांत सामा नावाची एक विधवा होती. मुशी थापण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिला दोन वर्षांची मुलगी होती. वाळवंटात आडोसा नाही, रात्री नदीवरून वारा यायचा. मुलीची छाती भरली. सामाने तिला पोटाशी धरून बसवले, चुलीची ऊब दिली, दुसरे द्यायला तिच्यापाशी काही नव्हते. मुलगी गेली. तिला तिथेच वाळूत पुरले. गावात कोणाला कळले नाही, आणि कळले असते तरी बैठकीचा निर्णय बदलला नसता.

वैशाख सरता सरता ओताऱ्यांच्या गाड्या कंकपुरात आल्या. गावाने तोरणे बांधली होती. वाजंत्री होती, गूळपाणी होते, आल्याबरोबर नायकाच्या गळ्यात हार पडला. नगरशेट बोधिसत्त्वाला हाताला धरून जागा दाखवायला घेऊन गेला. जागा झाडून सारवून लख्ख केली होती, मधोमध रांगोळी घातली होती. बोधिसत्त्वाने रांगोळीच्या पलीकडे पाहिले. जमिनीवर काळ्या भाजलेल्या मातीची कडी होती, एकाला लागून एक. आगीजवळ जन्म गेलेल्या माणसाला आव्याची जागा सांगावी लागत नाही. त्याने विचारले की इथले कुंभार कुठे आहेत.

नगरशेट शाबासकीच्या आशेने हसला. "ती कटकट तुम्ही येण्याआधीच मिटवली."

"मी त्यांच्यासाठीच आलो होतो," बोधिसत्त्व म्हणाला.

वाजंत्रीवाले अजून वाजवत होते. कोणीतरी जाऊन त्यांना गप्प केले. मग एक पंच म्हणाला की कुंभार काय, कुठूनही आणता येतील. बोधिसत्त्व नदीकडे गेला आणि नावाड्याला म्हणाला, पलीकडे ने.

वाळवंटात पाचटाच्या खोप्या होत्या. कुंभार अजून थांबले होते, कारण त्यांना जागेचा शब्द मिळाला होता. गावातून नाव येताना दिसली तेव्हा म्हातारी माणसे उठून उभी राहिली. त्यांना वाटले, बोलावणे आले. बोधिसत्त्वाने आपण कोण ते सांगितले. तशी ती पुन्हा खाली बसली. सामा मात्र उठून पुढे आली.

बोधिसत्त्व तिला म्हणाला, "बाई, मी जागा मागितली होती. माणसं उठवायला सांगितलं नव्हतं."

"चिकण मातीवर कोण राहतं, ठाऊक नव्हतं?" सामा म्हणाली. "मूस तुमच्या घरी आभाळातून पडत होती का?"

सामाने हाताने एक जागा दाखवली. तिथे वाळूवर चार दगड ठेवले होते. "उठवलं त्यांनी. पण दिलं कुणाला? तुम्हालाच ना? तुमच्या नावानं ही गेली. तिला तुमचं नाव नीट घेताही येत नव्हतं."

बोधिसत्त्वाने त्या दगडांपाशी डोके टेकले. मी परमुलखाचा, मला काय माहीत, असे त्याला म्हणता आले असते. पुष्कळ जण म्हणतात आणि रात्री गाढ झोपतात. तो म्हणाला, "मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." मग पाऊस यायच्या आत तुमची आळी तुम्हाला परत मिळवून देण्याचा प्रयत्न करतो, असे सांगून तो नावेत बसला. प्रयत्न करतो म्हणाला, देतो म्हणाला नाही.

अलीकडच्या काठावर त्याचा चुलतभाऊ रोहक वाट बघत होता. रोहक हाताचा हुशार आणि बोलण्यात गोड. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, वाईट झालं. पण आपण काही कुणाला मारलं नाही. आपली पोरं गाड्यांत आहेत, पाऊस डोक्यावर आलाय. नगरानं दिलंय, आपण घेतलंय. यात पाप कसलं?"

"ज्यांचं होतं त्यांनी कुठं दिलंय?" बोधिसत्त्व म्हणाला.

जवळच एक म्हातारा भातेवाला बसला होता, जन्मभर भट्टीचा भाता ओढून वाकलेला. तो म्हणाला, "रोहका, कुणी तुझ्या आईला उठवून तिथं तुला बसवलं, तरी तू आधी सावली आहे का तेच बघशील." काही जण हसले. पण पुष्कळ जण हसले नाहीत. त्यांनी आपल्या गाड्यांकडे, आपल्या बायकापोरांकडे पाहिले.

बोधिसत्त्वाने नगरशेटापुढे आपले म्हणणे मांडले. आळी कुंभारांना परत द्या. आम्ही नदीपलीकडच्या उंच माळावर राहू, भट्ट्या तिथे लावू, माल तुमच्याच बाजारात आणू. मूस त्यांची, कासे आमचे, गाव दोघांवर जगेल. नगरशेटाने मान हलवली. माळ गावाच्या शिवेबाहेर होता. आषाढात राजाचा अधिकारी यायचा होता. शिवेच्या आत धूर दिसला तरच सारा माफ होणार होता. बाहेरचा धूर कोण मोजतो?

तेव्हा रोहक पुढे आला आणि म्हणाला की आत धूर हवा असेल तर मी काढून देतो. नगरशेटाने दोघांकडे पाहिले. मग त्याने बोधिसत्त्वाच्या गळ्यातला हार काढून रोहकाच्या गळ्यात घातला. "तुमच्यापेक्षा हा बरा, नायक. हा काही विचारत नाही."

चाळीसांतली तीसेक घरे रोहकाबरोबर राहिली. बोधिसत्त्वाने त्यांना दोष दिला नाही. उरलेली घरे आणि तो म्हातारा भातेवाला त्याच्यामागे नदी उतरून गेली. त्याने सामाला सांगितले की जागा मिळवता आली नाही, वाळवंटात पाणी यायच्या आत माळावर चला.

सामाने त्याच्या मागची माणसे पाहिली. "म्हणजे तुम्हालाही उठवलं."

"हो."

"कुणी मेलं तुमचं?"

"नाही."

"मग उठवलं म्हणू नका," ती म्हणाली, आणि आपली खोपी उतरवायला लागली.

ओताऱ्यांनी गाड्या मोडल्या आणि त्या फळ्यांची छपरे केली. पहिली छपरे कुंभारांवर घातली, आपल्यावर नंतर. आषाढात नदी फुगली. वाळवंट गेले, खोप्यांच्या जागा गेल्या, ते चार दगडही गेले. सामा माळाच्या कडेला भिजत उभी होती. तिला आत बोलवायला कोणी गेले नाही. जायची कोणाची छाती झाली नाही.

इकडे कंकपुरात धूर निघाला. अधिकारी आला, त्याने धूर पाहिला, सारा माफ झाला. गावाने दिवे लावले. पण बाहेरून आणलेल्या कुंभारांची मूस तडकू लागली. गावातली दोन पोरे भट्टीवर मजुरीला होती, ती भाजून मेली. रोहक म्हणाला की इथल्या माणसांना काम येत नाही. मग त्याने कोळसा रचायला कोष्ट्यांची आळी मागितली. गावाने दिली. मग बाजारातली विहीर मागितली. ती दिली. दर वेळी तो म्हणायचा की दुसऱ्या नगरातून बोलावणे आहे, आणि दर वेळी बैठकीत सगळे भल्याचेच बोलायचे. एकदा देऊन बसले की मागे येता येत नाही. आधीचे दिलेले फुकट जाईल या भीतीने माणूस पुढचेही देतो.

साऱ्याच्या माफीची वर्षे संपली, तशा रोहकाने भट्ट्या विझवल्या. दुसऱ्या एका नगराने त्याच्यासाठी कोणाची तरी आळी मोकळी करून ठेवली होती. त्याने जाताना मागे वळूनही बघितले नाही. कंकपुरात वितळलेल्या धातूचे कीट आणि राख उरली. विहिरीच्या पाण्याला कशाचा तरी कडवट वास येऊ लागला. कोष्टी केव्हाच गेले होते. मग वाणी गेले, सोनार गेले.

माळावरचे लोक श्रीमंत झाले नाहीत. पाणी लांबून आणावे लागे आणि माती त्याहून लांबून. पण मूस तडकत नव्हती आणि घंटा चांगल्या वाजत होत्या. येणारा कोणी तिथे राहू इच्छित असेल तर आधी राहणाऱ्यांना विचारावे, असा तिथला रिवाज पडला. सामा मुशी थापायची आणि धान्य घेऊन ओताऱ्यांना द्यायची. बोधिसत्त्वाच्या घरी ती कधी पाणी प्यायली नाही. त्यानेही कधी आग्रह केला नाही.

पुष्कळ वर्षांनी नगरशेट नदी उतरून माळावर आला. बरोबर दोन-तीन घरे होती, तीही म्हाताऱ्यांची. त्याने हात जोडून बोधिसत्त्वाला सांगितले की आळी आता तुमची, कुंभारांची, ज्याला हवी त्याची. बोधिसत्त्व म्हणाला की मला देऊ नका, तिला विचारा.

सामा एकटी जुन्या आळीत जाऊन आली. जाताना सूर्य डोक्यावर होता, आली तेव्हा मावळला होता. तिने सांगितले की तिथली माती खोलवर जळली आहे, आणि जळलेली माती पुन्हा चाकावर चढत नाही.

मग नगरशेटाने खरे काय मागायचे होते ते मागितले. गावात पाणी राहिले नव्हते. माळावर कुठेतरी कडेला पडून राहू दे, म्हणाला. आणि झाल्या गोष्टीची माफी कर, म्हणाला.

सगळे सामाकडे बघत होते. बोधिसत्त्वही तिच्याकडे बघत होता, पण काही सुचवत नव्हता.

"जागा घ्या," सामा म्हणाली. "आजच घ्या, उद्यावर ठेवू नका. माफी माझ्याकडं मागू नका. ती जिच्याकडं होती तिला नदीनं नेलं."

ही गोष्ट पुरी करून भगवंतांनी भिक्खूंना त्या वेळचे कोण कोण होते ते सांगितले. रोहक तो आजचा देवदत्त, संघात फूट पाडणारा. नगरशेट तो कोकालिक, तेव्हा धुराच्या मागे गेला, आज देवदत्ताच्या मागे जातो. वाकलेला म्हातारा भातेवाला तो आनंद. सामा ती भिक्खुणी पटाचारा, जिची लेकरे या जन्मीही वाटेतच गेली. आणि ओताऱ्यांचा नायक मीच होतो.

न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील. भिंत फोडणाऱ्या चोराला ते सगळे जण लावतात. पण तोरण बांधून, हार घालून, पंचांनी हातात ठेवलेली वस्तूसुद्धा न दिलेली असू शकते. जिची ती आहे तिने दिली का, हे विचारणे, आणि दिली नसेल तर पाऊस डोक्यावर असतानाही न घेणे, याला शीलपारमिता म्हणतात.