उघड्या आईला नेसवलेले लुगडे

जिने हे विश्व प्रसवले आणि प्रसवताना तोंड लपवले नाही, त्या आदिमातेला नमन. वाणी तिची, चुकले असेल ते माझे. श्रोत्यांनी क्षणभर अवधान द्यावे.

“मग तुझ्या यादीत आईचं दूध कुठं बसतं?”

तुंगामायने विचारले, आणि मांडीवर कापसाची वात वळणे तसेच चालू ठेवले.

पद्मनाभ थबकला. असा प्रश्न त्याला कोणत्याही सभेत कोणी केला नव्हता.

“दूध चालतं, माय,” तो म्हणाला. “ते जिथून येतं, तो शब्द चालत नाही.”

“बरं...”

मांजरा नदीच्या काठी, गावापासून कोसभर दूर, लज्जागौरीचे दगडी देऊळ आहे. तुंगामाय तिथे चाळीस वर्षे राहत होती. ऐंशी उलटलेली, पाठीचे धनुष्य झालेले. पण डोळा असा, की समोरचा माणूस न विचारता खरे बोलू लागे.

पद्मनाभ तिच्या एका जुन्या शिष्येचा मुलगा. हैदराबादेतल्या एका मोठ्या कंपनीत त्याचे आसन बरेच वर होते. लोक ज्या चौकटीत शब्द टाकून जगभरचे शोधतात, ती चौकट सांभाळणाऱ्यांतला तो एक. कोणत्या देशात काय दिसू द्यावे आणि काय झाकावे, याच्या याद्या तो करी. कामवासनेचा ओंगळ बाजार लेकराबाळांपुढे मांडला जाऊ नये, हा त्याचा ध्यास होता; आणि ध्यास खोटा नव्हता.

परंतु तुपाला खवट वास लागावा, तसा त्या ध्यासाला ताठा लागला होता.

तो सांगत राहिला. एका देशात उघडा खांदाही झाकावा लागतो. शेजारच्या देशात सारा देह चालतो, पण सोळा वर्षांखालच्यांना नाही. तिसऱ्या देशात चित्र चालते, त्याचे नाव चालत नाही. चौथ्यात नाव चालते, चित्र चालत नाही. अकरा देश, अकरा याद्या. आणि एकीतला शब्द दुसरीत शिरू नये म्हणून तो स्वतः डोळ्यांत तेल घालून बसतो.

तुंगामायने वात तळहातावर तोलली.

“म्हणजे तू लाजेचा वाणी झालास. गिऱ्हाईक बघून माप.”

तो हसला. त्याला ते कौतुक वाटले.

“आणि बाई एका देशातून दुसऱ्यात गेली, तर तिच्या देहाचं काय होतं?”

“नियम बदलतो, माय.”

“देहाचं विचारलं मी.”

“...”

त्याने विषय बदलला. तो आला होता अनुग्रहासाठी. तीन वर्षे तो मंत्र मागत होता आणि तुंगामाय त्याला तीन वर्षे नुसते ताक पाजून परत पाठवत होती. या खेपेला मात्र त्याची निकड वेगळी होती. घरात शांतता उरली नव्हती, किंवा खरे सांगायचे तर शांततेवाचून दुसरे काही उरले नव्हते. त्याची पत्नी शरयू दोन महिन्यांपासून शब्दाला महाग झाली होती. जेवण वाढे, उशीर होईल का एवढे विचारी, आणि भिंतीकडे तोंड करून निजे. दरवर्षी ती देवीची ओटी भरायला त्याच्याबरोबर येई. यंदा आली नाही.

काही बोलला असशील तिला, असे तुंगामाय म्हणाली. त्याने देवीची शपथ घेतली. एक वाकडा शब्द घरात उच्चारला गेलेला नाही. वाकडाच काय, त्याच्या घरात तसला कोणताच शब्द कधी उच्चारला जात नाही.

मग आपली योग्यता पटावी म्हणून त्याने बाराव्या यादीची गोष्ट काढली.

बारावी यादी मराठीची होती. ती अजून परीक्षेवर होती. हैदराबादेतल्या मोजक्या मराठी घरांपुरतीच त्याने लावून पाहिली होती. झाकलेला शब्द कोणी विचारला की कोरे पान उघडे आणि त्यावर एकच वाक्य येई. ते वाक्य पद्मनाभने स्वतः घडवले होते, तीन दिवस खपून. कोणाचा अपमान न होता मर्यादा कळावी, असे ते वाक्य होते:

‘हा प्रश्न घरात विचारण्याजोगा नाही.’

“आणि पडदा किती पक्का बसला आहे, सांगतो,” पद्मनाभ पुढे सरकला. कोणी काय विचारले आणि काय अडले, ते त्याच्यापुढे येई. नाव येत नसे, नुसता प्रश्न येई. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला होता. लिहिण्याच्या ढंगावरून कोणी बाई असावी. कधी दुपारी, कधी पहाटे, शब्द थोडे मागेपुढे करून तिने तो सतरा वेळा विचारला. सतराही वेळा कोरे पान. अठराव्यांदा तिने विचारले नाही.

“सभेत मी हाच दाखला दिला,” तो म्हणाला. “लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

तुंगामायची वात अर्धी वळून राहिली.

त्या थांबण्याचा अर्थ पद्मनाभने आपल्या सोयीने लावला, आणि पिशवीतून त्याने इरकली लुगडे बाहेर काढले.

आता त्या देवीचे रूप सांगितले पाहिजे. तिला शिर नाही. मानेच्या जागी दगडाचे उमललेले कमळ आहे. गुडघे दुमडून पसरलेले, बाळंत होताना बाई बसते तसे. गावात तिला लज्जागौरी कोणी म्हणत नाही. ‘उघडी आई’ म्हणतात. बायका येतात, तिला लोणी चोपडतात, कुंकू लावतात, ओटीचा खण पायांशी ठेवतात. नेसवत मात्र कोणी नाही. तसा तिथला रिवाज आहे.

पद्मनाभला लहानपणापासून तिच्याकडे सरळ पाहता येत नसे. आता परवानगी असेल तर तिला वस्त्र अर्पण करावे, असे त्याच्या मनात होते.

“कर,” तुंगामाय म्हणाली. “हात तुझे आहेत.”

तो गाभाऱ्यात शिरला. बाहेर टळटळीत दुपार होती, पण आत समईपुरताच उजेड. त्याने निऱ्या घातल्या, त्या बसल्या. गुडघे झाकले, पोट झाकले. राहिला पदर.

पदर घ्यायचा डोक्यावरून. डोके नव्हते.

त्याने तो कमळावरून ओढला. घसरला. पुन्हा ओढला, खोचला. पुन्हा घसरला, जणू कोणी खांदा हलवून टाकला. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

“लाज डोक्यात असते, बाबा,” उंबऱ्यापासून तुंगामाय म्हणाली. “डोकं नाही तिथं पदर ठरायचा कसा?”

तो हट्टाला पेटला. पदर त्याने मूर्तीला दोनदा गुंडाळला आणि दोन्ही टोकांवर नदीचे गोटे ठेवले. आता कुठून काहीच दिसत नव्हते. गाभाऱ्यात एक गाठोडे बसले होते.

तो मागे सरला आणि त्याने हात जोडले.

शिखरात पारवे घुमत होते. ते थांबले.

समईची ज्योत लुगड्याकडे झुकली... सरळ झाली... पुन्हा झुकली.

लुगडे मध्यभागी किंचित वर उचलले गेले. खाली आले.

पद्मनाभने डोळे चोळले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात ही मूर्ती त्याने दगड म्हणूनच पाहिली होती. उघडी होती तोवर ती दगडच होती.

“माय... वारा येतो आहे का?”

तुंगामाय उठली. तिने देवळाचे दार लावले, अडसर घातला, आणि परत येऊन बसली.

ज्योत झुकली. लुगडे उचलले गेले. आता ऐकूही येत होते. एखादी बाई बोलायला श्वास घेते आणि बोलत नाही, तसे.

“काय... काय आहे हे?”

“श्वास घेतलाय,” तुंगामाय म्हणाली. “म्हणजे काहीतरी विचारायचं असणार.”

तो उंबऱ्यापर्यंत मागे सरला.

“ती तुझी बाई,” तुंगामाय म्हणाली. “सतरा वेळांची. तिनं काय विचारलं होतं?”

“मला... ते इथं सांगता येणार नाही, माय. तो शब्द यादीत आहे.”

“यादी नको मला. प्रश्न सांग.”

जन्मात तो शब्द त्याने कोणापुढे उच्चारला नव्हता. लिहिला होता, बारा याद्यांत, झाकण्यासाठी. त्याने ‘छाती’ म्हणून पाहिले, ‘वरचा भाग’ म्हणून पाहिले. तुंगामाय नुसती बघत राहिली. लुगडे वर आले, खाली गेले.

“डाव्या... स्तनात गाठ,” तो म्हणाला. “दुखत नाही. काय असेल.”

गाभाऱ्यातला श्वास आत घेतला गेला आणि तिथेच थांबला.

“ही यादी किती घरांना लावलीस?”

“चाळीस.”

“तुझं धरून?”

“...”

“पद्मनाभा.”

“माझं धरून,” तो म्हणाला.

दोन महिने. भिंतीकडे तोंड करून निजणे. साडीचा पदर डाव्या बाजूला घट्ट ओढून खोचणे, जे त्याने पाहिले होते आणि शालीनता म्हणून मनातल्या मनात वाखाणले होते. एकदा जेवताना ती म्हणाली होती, ‘तुम्हाला एक विचारायचं होतं.’ तो पानावरून मान वर न करता म्हणाला होता, ‘विचार ना.’ ती काही वेळ उभी राहिली, आणि मग आमटी वाढू का, असे तिने विचारले होते.

कोऱ्या पानावरचे वाक्य त्याचेच होते. तिने ते पाळले होते.

त्याने फोन काढला. घरी लावला. घंटा गेली. पाचव्या घंटेला शरयूने उचलला, आणि पोचलात का, एवढेच विचारले.

तो आडपडदा न ठेवता बोलला.

“शरयू... तुझ्या डाव्या स्तनात गाठ आहे का?”

पलीकडे काहीच नाही.

फोन तुटला असे वाटून त्याने तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. परत कानाला लावला, तेव्हा पलीकडे कोणी श्वास घेत होते.

“दुखत नाही,” शरयू म्हणाली. “दुखत नाही म्हणून मला वाटलं...”

आणि ती बोलू लागली.

दोन महिने अडलेले सारे एकदम सुटले. आधी वाटाण्याएवढी होती. मग वाटलं, मनाचा खेळ. आईला सांगावंसं वाटलं, पण आई घाबरेल. डॉक्टरीण सुटीवर गेली होती, आणि आपणहून दुसरीकडे जायचं तर कोणाला काय म्हणून सांगायचं. आता वाढली आहे. काल अंघोळ करताना हाताला... ती मध्येच रडे, मध्येच बोले, आणि रडण्यासाठी थांबत नसे.

पद्मनाभ उभा होता तो खाली बसला. गाभाऱ्याकडे बघायचे धैर्य त्याला नव्हते. त्याने तुंगामायकडे पाहिले. त्याचे डोळे भरले होते. पत्नीला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोनवर तळहात घट्ट दाबून धरला, आणि हलक्या आवाजात विचारले,

“माय, ती वाचेल ना? काय सांगू मी तिला?”

तुंगामायने फोनकडे बोट केले.

“आधी तो हात काढ,” ती म्हणाली.

॥ ही कथा जो ऐकेल त्याच्या घरी कोणताही प्रश्न उंबऱ्याशी अडून राहू नये. विचारणारीला वाणी लाभो, ऐकणाऱ्याला कान लाभोत, आणि घरोघरीच्या लेकी-सुना, माता-भगिनी आदिमातेच्या कृपेने निरामय असोत. ॥