धुतलेले कपडे कुणाच्या घरी?

निंबसरच्या राजाने गावाची पट्टी एकदम दुप्पट केली, आणि कारणही सांगितले. "हत्तीवरून पाहिले मी. शिंप्याच्या अंगावर रेशीम, गवळ्याच्या डोक्याला जरीचा फेटा! एवढे श्रीमंत गाव एवढी पट्टी सहज भरेल."

राजा सर्जेराव एकदा बोलला की बोलला. कारभाऱ्याने मान हलवली, दरबारानेही हलवली. हलली नाही ती एकट्या येसू परटिणीची. गावाची आणि राजवाड्याची धुणी तीच धुवायची, आणि आज ती आपल्या मजुरीचे गाऱ्हाणे घेऊन आली होती.

"गाव श्रीमंत हाय, तर माझी दोन वर्सांची धुलाई का थकली महाराज? ज्याच्या दारात जावं तो म्हनतो, पुढल्या सणाला."

"खोटे बोलतेस. एवढ्या रेशमात तुझे दोन आणे निघत नाहीत?"

"रेशीम त्यांचं न्हाईच. समदं त्रिंबकशेटच्या दुकानातनं उधारीवर उचललेलं हाय."

त्रिंबकशेट कापडही विकायचा आणि कर्जही द्यायचा. तो राजाच्या शेजारीच बसला होता. "छे छे, उधारी कसली? ती त्यांची पत आहे, महाराज."

त्याचे असे झाले होते. पूर्वी कर्ज काढणारा माणूस डोक्यावर घोंगडी ओढून शेटच्या मागच्या दाराने जायचा आणि घरी बायकोलाही सांगायचा नाही. शेटला हा धंदा फार मंद वाटला. त्याने मागचे दार बुजवले, पुढच्या दाराशी गादी घातली, येईल त्याला विडा दिला आणि कर्जाला पत म्हणायला सुरुवात केली. वर्षभरात लोक पारावर बसून एकमेकांना विचारू लागले, "तुझी पत किती?" ज्याची जास्त, त्याला पंगतीत वरचे पान. बाळोबा नावाच्या एका म्हाताऱ्याने आपल्यावर कुणाचे काही देणे नाही असे सांगितले, तर त्याच्या नातीची ठरलेली सोयरीक मोडली.

राजा येसूला म्हणाला, "मग रेशीम त्यांचे नाही हे सिद्ध कर. पण अट ऐक. कपडा कुणाचा, हे गावात कुणालाही विचारायचे नाही, आणि शेटची वही उघडायची नाही. दसऱ्यापर्यंत मुदत. जमले तर पट्टी मागे घेतो आणि तुझी मजुरी मिळवून देतो. नाही जमले तर राजवाड्याची धुणी जन्मभर फुकट धुवायची."

त्रिंबकशेट गालात हसला. येसू "बरं" म्हणाली आणि नदीवर निघून गेली. धुणी पडली होती.

दसरा जवळ आला तसे सगळ्या गावाने ठेवणीतले कपडे तिच्याकडे टाकले. दसऱ्याचा दिवस उजाडला, आणि एकाही घरी कपडा परत आला नाही. मानाजी पाटील पंचा गुंडाळून तिच्या दारात आले.

"येसू, माझा अंगरखा?"

"पोचवला."

"कुठं?"

"मालकाच्या घरी."

पाटलांनी बराच विचार केला आणि मग शेटच्या घराची वाट धरली. तिथे अर्धे गाव पंच्यात आणि अर्धे घोंगडीत उभे होते. येसूने गाढवांवरून सगळी धुणी आणून शेटच्या ओसरीवर उतरवली होती. राजालाही तिने निरोप धाडला होता, तोही हत्तीवरून येऊन, उतरून उभा राहिला.

"ही काय वखार मांडलीस माझ्या दारात?" शेट ओरडला.

"धुतलेला कपडा मालकाच्या घरी पोचवायचा, ही परटाची रीत. मालक कोण ते इचारायची मला बंदी. मग कापड जिथनं निघालं तिथं आणून टाकलं. धुलाई द्या."

"मी का देऊ? कपडे लोकांचे आहेत."

"मग वाटून टाका."

शेटने पाटलांचा अंगरखा उचलला. पाटलांनी हात पुढे केला. पण हाती आलेली वस्तू सोडणे त्रिंबकशेटच्या घराण्यात आजवर कुणालाही जमले नव्हते.

"थांबा पाटील. याचे फक्त बटणांचे पैसे आलेत." अंगरखा डावीकडे गेला. मग शेटला राहवेना. "हा शालू, एक पैसा नाही. डावीकडे. हा फेटा, व्याजसुद्धा नाही. डावीकडे!" डावा ढीग आढ्याला लागला. उजवीकडे पडली एक गोधडी आणि बाळोबाचे धोतर. बाळोबा ते घेऊन घरी गेला. जाताना त्याला तिघांनी नातीसाठी स्थळे सांगितली.

"हा शेला," शेट मान वर न करता म्हणाला, "तीन वर्षे झाली, अजून दमडी..." आणि त्याने शेला ओळखला.

"बोला शेट," राजा म्हणाला.

"...फार सुंदर आहे, महाराज."

"ठेवा मग. कुठे ठेवता?"

शेटने डोळे मिटले आणि शेला डावीकडे ठेवला.

येसू म्हणाली, "म्या कुणाला इचारलं न्हाई, वही बी उघडली न्हाई. शेट आपणहून बोललं."

राजाने एकदा ढिगाकडे पाहिले, एकदा स्वतःच्या शेल्याकडे, आणि त्याला असे हसू फुटले की हत्ती बिचकला. "पट्टी मागे! आणि शेट, डावीकडचे सगळे तुमचे ना? मग दोन वर्षांची धुलाईही तुमची."

शेटने कमरेची पिशवी सोडली. प्रत्येक नाणे त्याने दोनदा मोजले.

"कारभारी, येसूला वर शंभर मोहरा बक्षीस द्या."

कारभाऱ्याने राजाकडे पाहिले, मग हळूच शेटकडे पाहिले. शेटचा चेहरा उजळला. त्याने लगेच गादी झटकली. "या ना महाराज. आपली पत मोठी आहे."

"ऱ्हाऊ द्या," येसू म्हणाली. "उसनं काढून दिल्यालं बक्षीस मला झेपायचं न्हाई."

राजा ओशाळला, मग पुन्हा हसला आणि त्याने मनगटातले चांदीचे कडे काढले. "हे घे. माझ्या आजोबांचे आहे."

येसूने कडे घेतले आणि शेटपुढे धरले. "शेट, हे कुणाचं?"

त्रिंबकशेटने कडे उलटेसुलटे करून पाहिले, हातावर तोलले आणि पुष्कळ आठवून पाहिले.

"महाराजांचेच आहे," तो खिन्नपणे म्हणाला.

मग येसूने ते पदराला बांधले.