बिनकण्याची होडी

एका राज्यात एक खाडी होती. रुंदीला अफाट, पण खोली अशी की बगळ्याने मधोमध उभे राहावे आणि पोट कोरडे ठेवावे. राजा गजरथ तिथे राज्य करी. तो शूर होता, न्यायी होता आणि बोयमाशाच्या कालवणावाचून त्याला घास उतरत नसे.

खाडीतल्या बेटावर एक मांत्रिक राहत होता. त्याचे खरे नाव भले मोठे होते. पण दुसऱ्याचे बरे झालेले त्याला पाहवत नसे, म्हणून लोक त्याला जळफळ्या म्हणत. त्याने स्वतःसाठी सागवानाची उंचच उंच होडी करवून घेतली. ती मंत्राच्या जोरावरच तरंगे. राजाचा होडीकार विसाजी सुतार ती पाहून खो खो हसला. म्हणाला, "पाणी गुडघाभर आणि होडी ताडाएवढी!"

हसणे महागात पडले. मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली आणि विसाजीचा बगळा झाला.

"रोज एक शब्द विसरशील," मांत्रिक म्हणाला. "शब्द संपले की कायमचा बगळा. आजपासून या खाडीत कोळ्यांची होडी तरणार नाही. माझ्या बेटाला जो होडीतून तीन फेऱ्या घालील, त्याच्यापुढे माझी विद्या संपली."

तेव्हापासून होड्या बुडू लागल्या. किनाऱ्यापासून चार हात गेली की होडी तळाला. माणसे चिखलात लडबडून परत येत, होडी मात्र चिखल गिळून टाकी. वर्ष सरत आले. राजा बोयमाशावाचून एवढा रोडावला की मुकुट कानांवर उतरला. विसाजी मुळातच कमी बोलणारा, त्याचा शब्दांचा साठा तोकडा. आता मूठभरच उरले होते.

विसाजीची लेक हौसा दरबारात आली.

"महाराज, मी होडी बांधते."

"काय मागशील?"

"बाप."

राजाने लाकूड दिले. बगळा वळचणीवर बसून सांगू लागला, हौसा रंधा मारू लागली.

"कणा काढ," बगळा म्हणाला. "तळाखालचं ते आडवं लाकूड उथळ पाण्यात रुततं. बूड पाटासारखं सपाट ठेव."

होडीला कणा नसावा, हे त्या राज्यात कुणी ऐकले नव्हते. हौसाने कणा काढला. त्या कोळ्यांची एक रीत होती. होडीत चढले की टाच आपटायची आणि आरोळी द्यायची, "बूड शाबूत!" मगच वल्हे मारायचे. हौसाने टाच आपटली, आरोळी दिली. चार हातांवर होडी गडप.

दुसऱ्या होडीच्या बाजू तिने परातीसारख्या बाहेर झुकवल्या, म्हणजे कडेवर उभे राहिले तरी कलंडू नये. पुन्हा आरोळी, पुन्हा गडप. तिसरीची दोन्ही टोके जराशी उचलली, म्हणजे लाटेवर आपटू नये.

"या वेळी आरोळी माझी," बगळा म्हणाला आणि नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला. त्याने चोच आपटली, चोच उघडली आणि तसाच थांबला.

"पोरी, ते खालचं... काय म्हणतो आपण?"

जन्मभर ज्या शब्दावर पोट भरले, तो शब्दच बापाकडून गेला होता. ती सांगायला तोंड उघडणार, तोच तिचे लक्ष पाण्याकडे गेले. होडी चार हात गेली होती. सहा हात गेली. दहा हात गेली आणि मजेत डुलत होती! हौसाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

मग तिला हसू आवरेना. कोळी म्हणत, होडीचा तळ धड आहे. मंतरलेले पाणी अडाणी, ते पहिलाच शब्द ऐकून घाई करी. ज्या होडीतून 'बूड' ऐकू येई, तिला ते आज्ञाधारकपणे बुडवी. वर्षभर कोळी आपल्याच तोंडाने आपल्या होड्या बुडवत होते.

"बाबा, आता गप्प बसायचं हं," ती म्हणाली आणि बेटाकडे निघाली.

पहिल्या फेरीला मांत्रिकाने खाडी शोषून घेतली. वीतभर पाणी उरले. सपाट तळाची होडी चिखलावरून सुळकन घसरत गेली.

दुसऱ्या फेरीला त्याने पाणी परत भरले आणि हौसाने टाकलेल्या जाळ्यात माशांचा एवढा थवा सोडला की ते फाटायला आले. हौसाने कडेवर उभे राहून जाळे ओढले. होडी जरा कलली आणि रुंद कुशीवर टेकून स्थिर झाली.

तिसऱ्या फेरीला त्याने आडवा वारा सोडला. आता मात्र होडी खेकड्यासारखी तिरपी सरकू लागली. सपाट तळाला पाण्याची पकड कुठली? मांत्रिक आपल्या उंच होडीत उभा राहून टाळ्या पिटू लागला.

"कणा नाही गं तुझ्या होडीला!"

"हवा तेव्हा घालेन, नको तेव्हा काढेन!" हौसाने बसायची फळी उपसली, कडेला पाण्यात उभी सोडली आणि गुडघ्याने दाबून धरली. होडी सरळ झाली, वारा कापत निघाली.

मांत्रिकाचा नुसता जळफळाट झाला. पाय आपटत तो ओरडला, "बूड! बूड! बूड!"

पाणी आज्ञाधारक. ज्या होडीतून शब्द आला, तीच त्याने बुडवली. मांत्रिक कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला आणि हौसाची तिसरी फेरी पुरी झाली.

बगळ्याची पिसे गळाली. नाळेवर विसाजी उभा होता. चिखलातून वर्षभरात बुडालेल्या होड्या एकेक करून वर आल्या. किनाऱ्यावर ढोल वाजले. राजाने तिथेच चूल मांडायला लावली आणि चौदा बोयमासे खाल्ले.

विसाजी मात्र होडीतून उतरेना. तो फळ्यांवरून हात फिरवत होता. एका जागी थांबला, कपाळाला आठी घातली.

"पोरी, डाव्या अंगाची ही फळी अर्धं बोट वर बसलीय."

हौसा ढसाढसा रडू लागली. राजा हातातला काटा टाकून धावला.

"एवढा पराक्रम केलास आणि बोलणी खाल्लीस, म्हणून रडतेस?"

"नाही महाराज," हौसा रडता रडता हसली. "अशी चूक बाबा हातांनी चाचपून काढतात. वर्षभर त्यांना हात नव्हते."