तुळसाचा प्रश्न

एकदा एक वृद्ध न्यायशास्त्री नदीकाठच्या एका गावी राहत होते. पंचक्रोशीतले तंटे त्यांच्यापुढे येत आणि त्यांनी दिलेला निकाल हरलेला मनुष्यही मुकाट्याने मानत असे. त्यांच्यापाशी एक शिष्य न्यायशास्त्र शिकत होता. बुद्धीने तीक्ष्ण, पाठांतरात पक्का. कोणत्या अपराधाला कोणता दंड, हे त्याला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. न्याय म्हणजे अचूक मोजमाप, अशी त्याची समजूत होती. आणि ती अगदीच चुकीची होती असेही नाही.

त्या गावात रायाजी नावाचा नावाडी होता. वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहून त्याचे गुडघे धरले होते. गावात एक ख्यातनाम वैद्यराज होते. त्यांच्या हाताला गुण आहे, असे लोक शपथेवर सांगत. रायाजी त्यांच्याकडे गेला. वैद्यराजांनी वातावरची गोळी दिली. त्या गोळीत बचनाग असतो. बचनाग हे मूळचे विष. गोमूत्रात ठेवून, वाळवून त्याची शुद्धी केली म्हणजेच ते औषध होते. ती शुद्धी वैद्यराज एरवी स्वतःच्या हाताने करीत. त्या दिवशी मात्र सरदारांच्या घरी मुंज होती, बोलावणे आले होते, घाई होती. त्यांच्या मदतनिसाने शुद्ध न केलेल्या बचनागाची बरणी उघडून गोळ्या वळल्या आणि वैद्यराजांनी त्या न तपासताच पुडी बांधायला सांगितली.

गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात रायाजीच्या ओठांना मुंग्या आल्या, मग जीभ जड झाली, मग हातपाय गार पडू लागले. त्याची बायको तुळसा हिने शेजाऱ्याला वैद्यराजांकडे पिटाळले. वैद्यराज सरदारांच्या पंगतीत होते. शेजाऱ्याने निरोप दिला आणि परत आला. वैद्यराज आले नाहीत. त्याला पुन्हा पाठवले. तरीही आले नाहीत. दिवस मावळण्याच्या सुमारास रायाजी गेला.

वर्ष उलटत आले, तेव्हा हे प्रकरण शास्त्रीबुवांपुढे उभे राहिले. रायाजी गेल्यावर जन्मलेली एक तान्ही मुलगी तुळसाच्या मांडीवर होती. शेजाऱ्याने साक्ष दिली. मदतनिसाने रडत बरणीची गोष्ट कबूल केली. वैद्यराज मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांच्या हितचिंतकांनी त्यांना बजावले होते, "एक शब्द उच्चारलात तर तोच तुमच्या गळ्यात पडेल. मृत्यू कोणाच्या हाती असतो? गप्प राहा." ते खाली मान घालून गप्प बसले होते.

मध्यान्हीच्या विश्रांतीत वैद्यराजांचा मेहुणा एक जड थैली घेऊन शास्त्रीबुवांकडे आला. "कायद्याने जेवढं बसेल त्याच्या दुप्पट आहे," तो म्हणाला. "आत्ता, या क्षणी द्यायची तयारी आहे. फक्त प्रकरण इथंच मिटावं. पुढं कोणी काही विचारू नये, कोणी काही बोलू नये."

शास्त्रीबुवांनी तुळसाला बोलावून घेतले आणि थैलीची अट तिला समजावून सांगितली. तिने थैलीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मला नगं," ती म्हणाली. "ही बी नगं आन् तुमी द्याल ती बी नगं. भाऊबंद म्हंत्यात, नवऱ्याच्या जिवावर घर बांधायला निघालीस. माझ्या धन्यांचं मोल घिऊन मी पोरीला घास भरवू व्हय?"

"मग दाद मागायला आलीस कशासाठी, बाई?" शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारले.

तुळसाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "वैद्यबुवास्नी एक इचारायचं हुतं. त्यांच्या दारी तीनदा गेले. गड्यांनी आत सोडलं न्हाई. मला वाटलं, हितं तरी त्यास्नी माझ्याम्होरं बसावं लागंल."

थैली परत गेली. दुपारी शास्त्रीबुवांनी निकाल सांगितला. वैद्यराजांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला होता. रायाजी जिवंत असता तर त्याने नावेवर जे कमावले असते, ते मुलगी जाणती होईपर्यंत वैद्यराजांनी तुळसाला द्यावे. शिवाय नाव बंद पडल्यामुळे वर्षभर झालेले नुकसान वेगळे. शिष्याने मनातल्या मनात पडताळा पाहिला. रक्कम शास्त्राप्रमाणे चोख होती. त्याने लेखणी पुसली. काम संपले असे त्याला वाटले.

तेवढ्यात शास्त्रीबुवांनी विलक्षणच काहीतरी केले. त्यांनी जमलेल्या लोकांना बाहेर जायला सांगितले, दार लोटून घेतले, आणि वैद्यराजांना जागेवरून उठवून तुळसाच्या समोर, अगदी हाताच्या अंतरावर बसवले. शिष्याला म्हणाले, "लेखणी ठेव. आता जे बोललं जाईल ते लिहायचं नाही."

"गुरुजी," शिष्य गोंधळून म्हणाला, "साक्षी झाल्या. निकाल झाला. आता बोलून काय बदलणार?"

"निकाल बदलणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि वैद्यराजांकडे वळले. "ऐकलंत ना? तुम्ही आता काहीही सांगितलंत तरी दंड मुंगीभरही वाढणार नाही. ही बाई बोलेल, तुम्ही ऐका. मग तिला जे विचारायचं आहे त्याचं खरं उत्तर द्या." एवढे बोलून ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

तुळसा बोलू लागली. रायाजी कसा जेवला, गोळी घेतल्यावर "तोंडात मुंग्या फिरत्यात गं" म्हणून कसा हसला, मग कसा घाबरला, हे तिने सांगितले. पैलतीरावरून कोणीतरी नावेसाठी हाका मारीत होते आणि रायाजी सवयीने उठायला धडपडत होता, हेही सांगितले. वैद्यराजांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"मग धन्यांची वाचा गेली," तुळसा म्हणाली. "व्हट हालायचे, शब्द येईना. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. वैद्यबुवा, आमच्या लग्नाला लई वर्सं झाली हुती. पाळणा हालला नव्हता. किती नवस केले, किती उपास केले. धनी मला कदी टोचून बोलले न्हाईत, पर पैलतीरावरनं कुनाचं ल्योकरू नावंतनं आनलं की त्येला उतरवायला येळ लावायचे. त्या महिन्यात मला दिस गेल्याचं कळलं हुतं. म्या सांगितलं नव्हतं. म्हनलं, खात्री हू दे, मग सांगीन. न्हाईतर पुन्यांदा आस लावायची आन् पुन्यांदा मोडायची."

मांडीवरची मुलगी कुरकुरली. तिला थोपटीत तुळसा पुढे म्हणाली, "त्या दुपारी सांगितलं. कानाला त्वांड लावून सांगितलं. पुन्यांदा पुन्यांदा सांगितलं. पर त्ये काय बोललेच न्हाईत. बोलनार कसं? डोळं उघडं हुतं, पर बघत हुतं का नुसतंच उघडं हुतं, मला कळंना. एवडंच इचारायचं हाय. वैद्यबुवा, त्यास्नी ऐकू येत हुतं का? का मी आपली मोकळ्या घरात बोलत हुते?"

बाहेर लोकांची कुजबुज चालली होती, ती थांबली असावी असे शिष्याला वाटले.

वैद्यराजांनी हात जोडले, पण ते कपाळापर्यंत गेले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "निरोप मला पोचला होता. दोन्ही वेळा पोचला होता. मला वाटलं, गरीब माणसं लवकर घाबरतात. पंगत उठली की जाऊ. मी आलो असतो तर वमन दिलं असतं, शेक दिला असता. ते वाचलेच असते असं मी सांगू शकत नाही. पण झटलो असतो. तेवढंही मी केलं नाही."

तुळसा त्यांच्याकडे बघत होती. तिला हवे होते ते अजून आले नव्हते.

वैद्यराजांचा स्वर बदलला. वर्षभरात प्रथमच ते वैद्य म्हणून बोलत होते. "बचनागाचं विष जीभ बांधतं. हातपाय बांधतं. शेवटी काळीज बांधतं. पण भान बांधत नाही. हे विष अंगात गेलेला माणूस बहुधा अखेरपर्यंत शुद्धीवर असतो, माणसं ओळखतो, बोललेलं ऐकतो. ते हाकेला उठायला बघत होते म्हणता, म्हणजे भान होतंच. तुम्ही कानाशी जे सांगितलंत ते त्यांनी ऐकलं."

"कळलं त्यास्नी? पोरीचं?"

"कळलं."

"त्यांच्या डोळ्यातनं पानी आलं हुतं. म्या म्हनलं, इखानं आलं."

वैद्यराज अडखळले. खोटे सांगणे त्या क्षणी सोपे होते. "विषानंही येतं," ते म्हणाले. "पाणी कशाचं होतं ते मी सांगू शकत नाही, बाई. पण त्यांनी ऐकलं, एवढं मी वैद्य म्हणून सांगतो."

मग तुळसा रडली. रायाजी गेल्यापासून ती कोणाच्या देखत रडली नव्हती. रडता रडता तिने मुलीला उचलून खांद्याशी धरले आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली. वैद्यराज तिथेच बसून होते. जा म्हणेपर्यंत ते उठले नाहीत.

निघताना तुळसा शास्त्रीबुवांच्या पाया पडली आणि म्हणाली, "पोरीचं जे ठरलंय, ते मी घीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ घेताना शिष्याचे लक्ष लागेना. शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. "विचार," ते म्हणाले.

"गुरुजी, काल मध्यान्ही जे द्रव्य तिला पाप वाटत होतं, तेच संध्याकाळी तिनं कसं स्वीकारलं? तुम्ही द्याल तेही नको, असं ती म्हणाली होती."

शास्त्रीबुवा म्हणाले, "बाळ, किंमत कोणाला मिळते? विकणाऱ्याला. तुळसानं काही विकलं नव्हतं. पण जोवर समोरचा गप्प राहून नुसती थैली पुढं करत होता, तोवर ती किंमतच दिसत होती. नवऱ्याची आणि तिच्या गप्प राहण्याचीही. भरपाई ही वेगळी वस्तू आहे. जे भरता येतं ते भरून देणं म्हणजे भरपाई. वल्ही मारणारा हात गेला, त्याची कमाई भरता येते. पोरीचं दूध, कपडालत्ता भरता येतो. तेवढं पुरेपूर द्यावं, भीक म्हणून नव्हे, तिचा हक्क म्हणून. त्यात एका कवडीचीही कसूर करणारा न्यायाधीश पापी. आता उरतं ते भरत नाही. त्याला तूही काही करू शकत नाहीस, मीही नाही. पण त्या न भरणाऱ्या दुःखातला एक अंश वैद्यराजांच्या मुठीत होता. निरोप पोचूनही ते का आले नाहीत, रायाजीला ऐकू येत होतं का, हे त्यांच्याखेरीज तिला कोण सांगणार? थैली एवढी मोठी का होती, ते ध्यानात आलं का तुझ्या?"

"ती मूठ झाकण्यासाठी."

"हं. आणि भीतीनं मिटलेली मूठ आणखी भीती घालून उघडत नाही. म्हणून आधी दंड ठरवला, मग लेखणी थांबवली."

मग शिष्याने विचारले, "आता तिला शांती मिळेल?"

"ते मला माहीत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आज इतकं ठाऊक आहे की कालपर्यंत ती एका प्रश्नापाशी अडली होती. आता तिला नुसती नवऱ्याची आठवण येईल. तेही थोडं नाही."

महिना सरला. भरपाईचा पहिला हप्ता तुळसाच्या घरी पोचवायचे काम शास्त्रीबुवांनी शिष्याकडे दिले. तो उन्हे कलताना तिच्या दारी गेला. दार उघडे होते. आत पाळण्याची दोरी ओढीत तुळसा कोणाशी तरी बोलत होती. घरात दुसरे माणूस नव्हते. पोरीला आज दात दिसला, ती सांगत होती. तुमच्यासारखीच जिवणी आहे, पाण्याचा आवाज आला की मान वळवते. मध्येच ती थांबे, जणू उत्तरासाठी, आणि उत्तर आले नाही तरी पुढे बोलू लागे. तिच्या बोलण्यात घाई नव्हती. बोललेले पोचते आहे, अशा भरवशाने ती बोलत होती.

शिष्याने हाक मारण्यासाठी उघडलेले तोंड मिटले. हातातले गाठोडे त्याने आवाज न करता खाली ठेवले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तो बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला.

ज्यांच्यावर इतरांच्या दुःखाचा हिशेब करण्याची वेळ येते, त्यांनी आकडा घेऊन आत जाण्यापूर्वी असे थोडे दाराशी थांबावे.