बारा शेळ्या, एक तळं

डोंगराच्या अलीकडे एका राजाचा मुलूख होता, पलीकडे दुसऱ्याचा. अलीकडच्या एका गावात एक कुंभार राहत होता. मूलबाळ नव्हतं. हात थरथरू लागले तेव्हा त्याने काम थांबवलं आणि जन्मभराच्या कमाईतून बारा शेळ्या घेतल्या. म्हातारपणी नवरा-बायकोचं पोट त्यांच्यावरच भरायचं होतं.

शेळ्या त्याने गावातल्याच पाच घरांत अर्धलीने दिल्या. म्हणजे शेळी कुंभाराची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी.

"एका घरात चोर शिरला तरी चार घरं शाबूत," असं तो पारावर सांगायचा.

एकदा पलीकडच्या मुलखातून बायकोचा भाऊ आला. म्हणाला, "दाजी, चार शेळ्या माझ्या गावात द्या. नाक्यावर जकात पडेल, राखणदार वाटाही जास्त मागेल. पण तिकडचं रान वेगळं, पाणी वेगळं."

"तिकडं काय शेळ्या मरत नाहीत?"

"मरतात की. पण दोन्हीकडं एकदमच मरतील, असं सहसा होत नाही."

"म्हणजे मेव्हण्याला शेळ्या द्यायच्या, आणि शेपट्या मोजायला मी डोंगर चढायचा. माझं धन माझ्या डोळ्यांसमोर बरं."

बायको म्हणाली, "अहो, दुधाच्या दोन आणि आणखी सहा राहू देत की इथंच. सगळ्या पाठवा असं कोण म्हणतंय?"

"तुझी माहेरची ओढ काही सुटत नाही."

ती भावाला वाटेची भाकरी बांधून द्यायला उठली.

दोन वर्षं बरी गेली. त्यातल्या एका वर्षी पलीकडे पाऊस कमी झाला, तेव्हा कुंभाराने बायकोला चार माणसांत ऐकवलं, "बघ तुझ्या भावाचं रान."

तिसऱ्या वर्षी शेळ्यांमध्ये साथ आली. घरं पाच होती, पण पाचही घरांच्या शेळ्या एकाच माळावर चरत आणि एकाच तळ्यावर पाणी पीत. आठ दिवसांत एकही उरली नाही. पलीकडच्या राजाने खिंडीतच जनावरं अडवली. साथ डोंगराच्या पलीकडे गेली नाही.

"भावाकडे जाऊ," बायको म्हणाली.

"त्याच्या दारात मी जाणार नाही."

कुंभार पुन्हा चाकावर बसला. हात ऐकेनात. मडकी वाकडी निघू लागली. गिऱ्हाईक उचलून बघे आणि खाली ठेवी.

शेवटी त्या मडक्यांना एकच गिऱ्हाईक राहिलं. प्रेतापुढे न्यायचं मडकं कोणी निरखून घेत नाही.

एके सकाळी बायको बाहेरून आली आणि चुलीपाशी बसली. म्हणाली, "पाटलाचा म्हातारा गेला. भाकरी टाकते."

तात्पर्य: पाच घरं आणि तळं एकच, याला वाटून ठेवणं म्हणत नाहीत. रोजच्या पोटापुरतं जवळ ठेवावं, उरलेल्यातलं थोडं परमुलखात ठेवावं. डोळ्यांसमोरचं धनही मरतं.