‘बघत होते’चं इंग्रजी

सकाळचे आठ. नदीकाठचा दर्गा आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या त्याच्या पायऱ्या. याच काठावरून पंधरवड्यापूर्वी ठेकेदाराची नाव सुटली आणि मधोमध पाणी भरून बुडाली. नऊ जीव गेले.

“मग ‘बघत होते’चं इंग्रजी काय केलंस?” हुसेनमास्तरांनी विचारलं.

“वॉच.” प्राध्यापक सुधन्वा पिंगळे तोऱ्यातच म्हणाला. इंग्रजी त्याला याच मास्तरांनी शाळेत शिकवलं होतं. आता इंग्रजी क्रियापदांवर त्याची स्वतःची पुस्तकं होती, आणि चौकशी समितीने गावकऱ्यांच्या जबान्या भाषांतराला त्याच्याकडेच दिल्या होत्या.

“सी म्हणजे दिसणं, सर. लुक म्हणजे नजर वळवणं. घडतंय ते एकटक पाहत राहणं म्हणजे वॉच. काठावर उभ्या असलेल्या तुळसाबाई जबानीत तेच म्हणाल्या. चूक काढून दाखवा!”

“चूक नाहीच. तिची लेक होती ना रे नावेत?”

“होती,” सुधन्वा म्हणाला. “वकील त्याच शब्दावर बोट ठेवणार आहेत. सख्खी आई काठावरून मजा बघत राहिली, ना हाक ना बोंब, मग ठेकेदाराला का धरता, म्हणून. पण त्याला मी काय करू? मी शब्द बरोबर घातला.”

दर्ग्यात जायचं म्हणून सुधन्वाने पायरीवर नव्या चपला काढून ठेवल्या होत्या. मास्तरांनी काठीच्या टोकाने त्यातली एक ढकलली. पाण्यात.

सुधन्वा ताडकन उठला. हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. तोंडातून शब्द फुटेना. धारेत चप्पल गरगरली, बुडाली, पुन्हा वर आली... मग गेली. ती गेल्यावरही तो पाण्याकडेच पाहत होता.

“वॉच करत होतास?”

“थट्टा करू नका, सर. मला पोहता येत नाही.”

“ओरडलासुद्धा नाहीस.”

सुधन्वा पायरीवर बसला. “तिचा तर जीव होता त्यात,” तो पुटपुटला. मग म्हणाला, “कोणता शब्द घालू, सर? तुम्ही सांगाल तो घालतो.”

मास्तरांनी उरलेली चप्पल काठीने त्याच्याकडे सरकवली.

“घाल तुला पटेल तो. ती बघत होती, हे समितीला तीन-तीन शब्दांत सांगता येईल. तळ फुटलेली नाव त्या दिवशी पाण्यात घालायला कुणी सांगितलं, हे मात्र अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.”