पिवळवाडीची हसरी नांगरट

श्रावणाचा दुसरा आठवडा लागला की पिवळवाडीत बैलांच्या कपाळाला पुन्हा बाशिंगं चढतात. बाहेरून आलेला माणूस हमखास गोंधळतो. बेंदूर होऊन तर महिना होत आला, मग हे काय? त्यात ही बाशिंगं बेगडाची नसतात, तागाच्या पिवळ्या फुलांची असतात. पुढं हलगी, मागं नांगर आणि बांधावर उभं राहून अख्खं गाव पोट धरून हसत असतं. नांगर चालत असतो तो पुरुषभर वाढलेल्या, फुलांनी डवरलेल्या उभ्या पिकावर.

पाहुणा काही विचारायच्या आत हैबतीतात्या त्याला कडुनिंबाखाली बसवून घेतात. तात्यांचं वय ऐंशीच्या पुढं, पण ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेली त्यांना खपत नाही. "आदी हसा," ते म्हणतात. "मग सांगतो." पाहुणा कसनुसं हसतो. "चालंल. पयल्यांदा सगळ्यांचं असंच व्हतंय," असं म्हणून तात्या सुरुवात करतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा वाडीचं नाव दुसरंच काही होतं म्हणे. काय होतं, ते तात्यांना ठाऊक नाही आणि कुणी खोदून विचारलं तर ते पान लावायला घेतात. माळ हाच होता, ओढाही हाच. पण माळाची माती दर पावसाळ्यात ओढ्यात उतरायची. इथली रीत अशी, की ज्वारी पेरायची पाऊस सरताना, हस्ताच्या नक्षत्रात. तोवर सगळा पावसाळा रान नांगरून, वेचून मोकळं ठेवायचं. मोकळं रान म्हणजे निगुतीचं रान, अशी सगळ्यांची समजूत. आडवा पाऊस आला की ते निगुतीचं रान तांबडं पाणी होऊन वाहून जायचं आणि खालच्या गावांच्या शेतात बसायचं. खालची गावं गबर झाली, वाडीच्या वाट्याला मुरूम राहिला. शेवटी शेवटी तर पेरलेलं बियाणंसुद्धा घरी परत येईना.

तेव्हा एका पाडव्याला म्हस्कू पाटलांनी गाव चावडीवर बोलावलं. पाटील कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. ते म्हणाले, आता गाव उठवू. ज्याची जिथं सोयरीक असेल त्यानं तिकडं जावं. कुणी नदीकाठी जाईल, कुणी घाटाखाली. बोलली ती एकटी केराक्का.

केराक्का म्हणजे चाळिशीची विधवा बाई. एक खोंड, एक पडवी आणि ओढ्याकडेचं वावर एवढाच तिचा संसार. तिच्या नावामागं एक कथा होती आणि ती गावात सगळ्यांना पाठ होती. तिच्या आईची आधीची चार लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. पाचवं झालं तेव्हा आईनं जुन्या रिवाजाप्रमाणं सात घरचा केर मागून आणला, तो उकिरड्यावर पसरला आणि लेकीला त्यावर ठेवून पाठ फिरवली. ही माझी नव्हेच, टाकून दिली. मग शेजारच्या धुरपानं ते बाळ उचललं आणि मूठभर कोंडा घेऊन आईला परत विकलं. नाव ठेवलं केरा. टाकलेल्या पोरीकडं मृत्यूचं लक्ष गेलं नाही आणि ती जगली. तिला वाटायचं, आपण काही एका घरची लेक नाही, सात घरच्या केरावर वाढलेली आहोत. ही सात घरं सात दिशांना गेली तर आपलं माहेर कुठलं?

ती पाटलांना म्हणाली, "दादा, येक पावसाळा द्या मला. फुडल्या पाडव्याला गाडी जुपा, न्हाई आडवायची."

"आनि त्या पावसाळ्यात काय करनार तू, केरे?"

"देवीचं रान द्या. त्यात ताग पेरते."

चावडीत हशा पिकला. देवीचं रान म्हणजे माळावरचा सगळ्यात उतरता, सगळ्यात उघडा तुकडा. आणि ताग म्हणजे काय, तर दोरासाठी बांधाकडेला चार ओळी पेरायची वस्तू. ती खायची थोडीच असते? पण केराक्काला एक गोष्ट माहीत होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांमागं ऐन श्रावणात दोन खोंडांची झुंज लागली आणि तिचा बांधाकडेचा फुललेला ताग चिखलात तुडवला गेला. वर्षाचे दोर गेले म्हणून ती हळहळली. पण त्या हिवाळ्यात बरोबर त्याच कोपऱ्यात ज्वारी बाकीच्या रानापेक्षा हातभर उंच आली. योगायोग असेल म्हणून पुढच्या वर्षी तिनं मुद्दाम चार वाफे पायांनी तुडवले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वर्षी तिला खात्री पटली, पण खोंडाच्या झुंजीवर शेती करते म्हणून लोक हसतील, या भीतीनं ती गप्प राहिली होती.

पाटलांनी रान दिलं. जायचंच आहे, तर बाईचं मन मोडून कशाला जायचं, असा त्यांचा विचार असावा. केराक्का सूप घेऊन घरोघर फिरली आणि घरटी ओंजळ ओंजळ बी मागून आणलं. लोकांनी थट्टा केली, पण ओंजळ दिली. मृगात तिनं ते दाट पेरलं, इतकं दाट की तणाला पाय ठेवायला जागा नको.

पंधरवड्यात माळ हिरवा झाला. मग आषाढातला तो नेहमीचा आडवा पाऊस आला. दरसालाप्रमाणं लोक ओढ्यावर गेले, आपली माती जाताना बघायला. पाटलांच्या वावराकडून ओढ्याला तांबडं पाणी येत होतं. देवीच्या रानाकडून येणारी ओघळ मात्र निवळ होती. त्या पाण्यात केराक्कानं तोंड धुतलं आणि तिथंच बसून एकटी हसली, असं सांगतात.

श्रावण लागला आणि ताग फुलला. ज्या माळावर गवत धड येत नव्हतं, तिथं पिवळं रान डुलायला लागलं. मधमाश्या आल्या, पाखरं आली. शेजारच्या गावचे लोक बघायला आले. आणि इथंच सगळं अडलं. हे रान आता मोडून गाडायचं आहे म्हटल्यावर गाव एकदम मागं सरलं. केराक्काचं खोंड एकच, नांगराला जोडी लागते, आणि जोडीला बैल द्यायला कुणी तयार होईना.

पाटील म्हणाले, "केरे, उभ्या जन्मात ह्या माळानं फूल दावलं न्हाई. आज फुललाय तर नांगर घालतीस? राहू दे की. वाळला म्हंजे दोर तरी व्हतील, गाड्या बांधायला."

खरं सांगायचं तर केराक्कालाही ते मोडवत नव्हतं. ती रोज नांगर काढायची, रानाच्या तोंडाशी जायची आणि फुलांकडं बघून परत यायची. दिवस जात होते. ताग एकदा शेंगेवर गेला की त्याची काटकी होते. ती मातीत कुजत नाही आणि वर जमिनीतली ओल पिऊन टाकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी फूल बघितलं की तिच्यानं नांगर धरवत नव्हता. पाचव्या दिवशी ती धुरपाच्या दारात जाऊन बसली. तीच धुरपा, जिनं तिला उकिरड्यावरून उचललं होतं. आता ती सत्तरीला टेकलेली होती.

"आत्या, माझ्यानंच मोडवंना गं," केराक्का म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

धुरपानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "तुजी आय तुला केरात ठिवताना काय करत व्हती, ठावं हाय?"

"रडली आसंल."

"हॅट. खदाखदा हसत व्हती. रडली आसती तर मरणाला कळलं नसतं व्हय, का ही पोर लाडाची हाय? मी बांधाआड हुबी. मला म्हनली, धुरपे, तूबी हास. दोगी हसलो बग, पोट दुखंस्तवर. घरात गेल्यावर काय रडली आसंल ते तिचं तिला ठावं." धुरपा काठी घेऊन उठली. "टाकल्याबिगर जगत न्हाई काय काय. पर टाकायचं ते हसत. ऊठ. माजा बैल घे."

धुरपानं वाटेतच तागाची फुलं तोडली, बसून दोन बाशिंगं गुंफली आणि दोन्ही बैलांच्या कपाळाला बांधली. जायचं तर नवरदेवासारखं जायचं, म्हणाली. हलगी बोलावली. हलगीचा आवाज ऐकून गाव बांधावर गोळा झालं. म्हातारीनं काठी उगारून सगळ्यांना बजावलं, की आज इथं जो रडेल त्याची गाठ माझ्याशी आहे, हसा. लोक हसायला लागले खरे, पण ते हसू म्हणजे ओढूनताणून आणलेलं. पाटील तर दात दुखल्यासारखे हसत होते म्हणे.

केराक्कानं डोळे मिटून बैलांना हाक दिली. बैल चार पावलं गेले आणि थांबले. धुरपाच्या बैलानं मान वळवली, शेजारच्या खोंडाच्या कपाळाकडं शांतपणे बघितलं आणि त्याचं बाशिंग खाऊन टाकलं. खोंड काय कमी होतं? त्यानंही याचं ओरबाडलं. दोन्ही नवरदेव एकमेकांची बाशिंगं चावत उभे. मग पहिल्यांदा केराक्काच हसली, आणि ती अशी हसली की नांगराचं रुमणं मुठीत धरूनच खाली बसली. मग बांध हसला. पाटील डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते आणि हसता हसताच त्यांनी गड्याला हाक मारली, "आपली जोडी आन रं, हिकडं."

त्या दिवशी माळावर सात नांगर चालले, असं सांगतात. फळी फिरवून ताग लोळवला आणि सरीत गाडला. एक पट्टा तेवढा केराक्कानं बियासाठी राखला. पुढं दोन महिने माती तो ताग जिरवत राहिली. हस्तात पेरायला गेले तेव्हा पाय घोट्यापर्यंत रुतत होता. माघात देवीच्या रानात ज्वारी अशी उभी राहिली, की आत शिरलेला माणूस हाक मारल्याशिवाय सापडत नव्हता. पाडव्याला पाटलांनी ठरल्याप्रमाणं गाड्या जुंपल्या. गाड्या खळ्याकडं गेल्या, कणसं भरून. गाव उठवायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

पण गंमत पुढंच आहे, असं म्हणून तात्या इथं मांडी बदलतात. दुसऱ्या वर्षी सगळ्या गावानं ताग पेरला आणि ज्यानं त्यानं आपलं शहाणपण चालवलं. कुणी उशिरा पेरला, तो हस्त आला तरी फुलेना. कुणी बी वाचवून विरळ फेकलं, त्याच्या रानात तणच माजलं. आणि पाटील? त्यांना फुलं मोडवेनात. आज मोडू, उद्या मोडू करत त्यांनी ताग शेंगेवर नेला. त्यांची ज्वारी गुडघ्याला लागली नाही. चावडीवर ते केराक्काला म्हणाले, "आक्का, आम्हाला नुसतं काय करायचं ते कळलं, कवा करायचं ते कळलं न्हाई." तिला आक्का म्हणायची पाटलांची ती पहिली वेळ.

मग केराक्कानं पुन्हा सूप उचललं. या खेपेला मागायला नाही, द्यायला. रोहिणी लागली की ती प्रत्येक दारात जायची आणि विचारायची, गेल्या साली या रानात काय उभं होतं? पाणी कुठून कुठं वाहतं? जोडी कुणाची घेणार? ऐकून घ्यायची आणि रान बघून बी ओंजळीत घालायची. पण त्याच्या आधी मोडायचा दिवस बोलून घ्यायची. पेरणी झाली की ती दाराच्या चौकटीवर हळदीची सात बोटं ओढायची. आठवडा झाला की एक पुसायचं. सातवं पुसलं की नांगर बाहेर, मग फूल कितीही साजरं असो. "मोड ठरव, मग पेर," ही पिवळवाडीची म्हण तेव्हापासूनची. तिच्या मागं हे सूप गावातल्या एकेका बाईकडं येत गेलं.

आजही पिवळवाडीत रोहिणीला सूप फिरतं आणि चौकटींवर हळदीची बोटं उमटतात. आजही ज्याचा बैल पहिल्यांदा दुसऱ्याचं बाशिंग खातो, त्या घरानं गावाला पुरणपोळी घालायची असते, म्हणून बैलाला आदल्या दिवशी पोटभर चारतात, आणि तरी तो खातोच. आजही फळीखाली लोळलेल्या पहिल्या तागावर गावातलं सगळ्यात लहान बाळ क्षणभर ठेवतात. त्याची आई पाठ फिरवून हसते, बांध हसतो, आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला उचलून मूठभर तागाच्या बियाला आईला परत विकते. त्या दिवशी माळावर रडायची मुभा एकट्या त्या बाळाला असते, आणि ते बहुधा मनसोक्त रडतं.